वाऱ्याच्या बाजूचा फ्लेक्स

चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की भीमेच्या पुलापर्यंत दोन्ही अंगांना ऊस असतो. पूल मागे पडला की ऊस विरळ होत जातो आणि कांदा सुरू होतो. मार्च संपत आला की हा बदल डोळ्यांआधी नाकाला कळतो. उसाच्या पट्ट्यात पेटवलेल्या पाचटाचा गोडसर, जळका वास. कांद्याच्या पट्ट्यात उपटलेल्या पातीचा कच्चा, झोंबणारा. या वर्षीही माना पडल्या आहेत. कांद्याची पात बुडाशी मऊ होऊन आडवी झाली की माना पडल्या असं म्हणतात; कांदा काढायला आला, याची ती खूण. वाफ्यावाफ्यांत बायका ओळीनं बसल्या आहेत. अंगात साडीवरून चढवलेले पुरुषी शर्ट, हातात विळा, मधेच कुणाच्या तरी मोबाईलवर लागलेलं गाणं. पात कापली जाते त्याचा एक कोरडा, एकसारखा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

ढीग पडू लागले की या भागात बोलण्याचा विषय एकच उरतो. विकायचा की ठेवायचा. ठेवायचा तर बराख लागते. सरकारी कागदात तिला कांदाचाळ म्हणतात, शिरूरच्या या अंगाला बराख. जमिनीपासून उचललेला तळ, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या भिंती, वर छप्पर. आत कांदा, आणि कांद्यातून आरपार जाणारा वारा. दाराला कुलूप असतं, भिंतीला मात्र मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. बाकी कुठल्या इमारतीत वारा इतका मोजूनमापून आत घेतला जात नाही.

बराख असलेल्या माणसाला थांबता येतं. नसलेला वावराच्या बांधावरच टेम्पोला कांदा देऊन मोकळा होतो. पीक दोघांचं एकच, ऊनही तेच.

काही वर्षांपूर्वी असाच कांदा निघत असताना आमच्या दैनिकाने उन्हाळी पुरवणी काढायचं ठरवलं होतं. विषय होता ‘उद्याचं गाव’. दौंडला राहत असल्यामुळे दौंड आणि शिरूर हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले. सूचना अशी होती की मजकूर आशादायक हवा आणि फोटो मोठे हवेत. बातमीदारीत आशेला तसा रकाना नसतो. पूल पडला तर तो अमुक दिवशी पडतो, बातमी तयार होते. पूल वर्षानुवर्षं उभा राहिला याची बातमी कोणत्या दिवशी द्यायची, हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून असा मजकूर शोधायला निघालं की आधी ओळखीच्या माणसांना फोन करावे लागतात. त्यातल्या एका फोनवर केतकीचं नाव कळलं.

केतकी पुण्यातल्या एका महाविद्यालयातून डिझाइन शिकून बाहेर पडली होती आणि पाबळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वस्तीत खोली घेऊन राहत होती. तिला तिथं बराख बांधायची होती. तिच्या बोलण्यात सोलरपंक हा शब्द वारंवार येई. अर्थ विचारल्यावर तिने तो सरळ सांगितला. भविष्याची चित्रं काढणारे बहुतेक लोक धुराची, राखेची, ओस पडलेल्या शहरांची चित्रं काढतात. या चळवळीतले लोक ती नाकारतात. ते उन्हावर चालणारी गावं काढतात, भिंतींवर चढलेले वेल काढतात, मोडली तर दुरुस्त होतील अशा वस्तू आणि जवळच्या मालातून उभी राहिलेली घरं काढतात. हे सगळं देखणं असलं पाहिजे, असाही त्यांचा आग्रह असतो. काटकसरीची वस्तू कुरूपच असणार, हे त्यांना मान्य नाही. नावात पंक का, तर ‘आता काही होण्यासारखं नाही’ हे ऐकून घ्यायला नकार म्हणून.

“म्हणजे आशा ही तुमच्या डिझाइनची अट आहे?” असं विचारल्यावर ती म्हणाली, “अट नाही, माल आहे. बांबूसारखा. किती मिळतोय ते बघून वापरायचा.”

पुरवणीसाठी हे वाक्य लिहून घेतलं. छापताना ते जागेअभावी गळलं.

तिने ती चित्रं लॅपटॉपवर वस्तीला दाखवली, ती आप्पांच्या ओट्यावर. आप्पा माजी सरपंच, वस्तीतले मोठे बागायतदार. पडवीत दोऱ्यांना टांगलेल्या लसणाच्या जुड्या, खाली पसरलेलं भुईमुगाचं बियाणं, आणि त्यामध्ये स्क्रीनवर काचेचे उंच मनोरे, मनोऱ्यांवरून लोंबणारी हिरवळ. आप्पांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“भिंतीवर एवढी झाडी म्हंजी साप येनार,” ते म्हणाले.

“येतील की. मुंगूस पाळू,” केतकी म्हणाली.

“आन् मुंगसाला काय घालायचं?”

“साप.”

आप्पा मोठ्याने हसले आणि आत चहा सांगितला. ओट्याच्या कडेला सुमनताई उभ्या होत्या. त्यांनी मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं. “ब्येस हाय समदं,” त्या म्हणाल्या. “पर ह्यात काम करताना कोन दिसंना. नुसती हिंडत्यात सगळी.”

केतकीने चित्राकडे पुन्हा पाहिलं. मनोऱ्यांमधल्या पुलांवरून रंगीत कपड्यांतली माणसं खरोखरच नुसती फिरत होती. तिने लॅपटॉप मिटला. ते चित्र तिने नंतर कुणाला दाखवल्याचं पाहण्यात नाही.

सुमनताई वस्तीच्या खालच्या अंगाला, बौद्ध आळीत राहायच्या. घरात नवरा आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या वावरात रोजाने जात होत्या. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी आप्पांचं एक वावर निम्म्या वाट्याने केलं होतं. जमीन आणि पाणी आप्पांचं, कष्ट यांचे, कांदा अर्धा-अर्धा. आप्पांच्या अर्ध्यासाठी त्यांच्या घरामागे बराख होती. सुमनताईंच्या अर्ध्याला जागा नव्हती. वाट्याने करणाऱ्या इतरांचं त्यांनी पाहिलं होतं. आपला वाटा बांधावरूनच टेम्पोत चढवायचा, आणि भाव विचारायचा नसतो, ऐकायचा असतो.

केतकीला बराखीसाठी जागा हवी होती आणि तीत कांदा ठेवणारं माणूस. जागा आप्पांनी दिली, अगदी रस्त्याला लागून. कांदा सुमनताईंनी दिला. ज्यांना स्वतःच्या बराखी होत्या त्यांनी नमुना म्हणून दोन-चार गोण्या देऊ केल्या. सुमनताईंनी आपला सगळा वाटा दिला. नमुन्यापुरता वेगळा काढायला त्यांच्याकडे दुसरा कांदा नव्हता.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी आठवतात त्या लोखंड घासल्याच्या वासासकट. सतीश नावाचा फॅब्रिकेटर सांगाडा जोडत होता. पाबळला वेल्डिंग शिकून त्याने रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं होतं. सुमनताई त्याच्या आळीतल्या, म्हणून तो त्यांना मावशी म्हणे. केतकीचा एक नियम होता: नवीन प्लास्टिक आणायचं नाही, जुनं, टाकलेलं चालेल. त्यामुळे पूर्वेची भिंत बाद झालेल्या ठिबकच्या नळ्यांनी विणली गेली. तळाशी छोटा पंखा बसवला, तो छपराच्या कोपऱ्यातल्या सोलर पॅनेलवर चाले. पश्चिमेच्या भिंतीसाठी तिला उघडझाप करता येणाऱ्या झडपा हव्या होत्या, कारण पावसाळ्यातला वारा त्याच बाजूने येतो. वारा हवा, पण पावसाची झड नको.

त्या झडपा दौंडला मिळाल्या. जंक्शनच्या गावात रेल्वेचं भंगार फिरत असतं. एका भंगारवाल्याच्या आवारात जुन्या डब्यांच्या खिडक्यांची शटरं थप्पी लावून ठेवली होती, तीच ती, दोन्ही बाजूंच्या खटक्या दाबून वरखाली करायची. वर्षानुवर्षं कोपरांनी आणि बोटांनी गुळगुळीत झालेली. केतकीने एकेक शटर वरखाली करून पाहिलं. अडकणारी सतीशने तेल घालून चालती केली. बराखीवर ती ओळीने बसवली तेव्हा लांबून खरोखर एखादा डबा रुळावरून उतरून शेतात येऊन थांबल्यासारखा दिसे.

मोटरसायकली थांबू लागल्या. “गाडी कवा सुटनार?” लोक विचारत.

“सिग्नल न्हाई मिळाला,” सुमनताई आत कांदा रचता रचता सांगत.

“कांद्याला डायरेक्ट विंडो सीट,” सतीश म्हणे. “आमाला जनरलमधी बी हुबं ऱ्हावं लागतं.”

पत्र्याच्या छपराला वरून पाचटाचा जाड थर होता. हे पाचटही दौंडकडचं, पाटसच्या बाजूचं. तिकडे ऊस तुटून गेला की उरलेली पानं वावरातच पेटवतात. त्या काळात रेल्वे कॉलनीत दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळ्या, केसासारख्या बारीक काड्या येऊन पडतात. बोट लावलं की त्यांची राख होते, आणि रेघ उरते. डेमू लोकलने पुण्याला कामावर जाणाऱ्या कित्येकांच्या शर्टावर ती रेघ दिसते. केतकीच्या आराखड्यात हेच पाचट सोनेरी छप्पर झालं होतं. उतरत्या उन्हात ते छप्पर सुंदर दिसे, हे नोंदवायला हवं. तिच्या सगळ्या आराखड्यातला तो सर्वांत देखणा भाग होता. पुरवणीतला मोठा फोटो त्याचाच लागला.

मग उद्घाटन झालं.

उद्घाटन म्हटलं की फ्लेक्स आला. मथळा होता, ‘हरित भविष्याकडे एक पाऊल’. सर्वांत वर महापुरुषांची रांग. मधे आप्पा, हात जोडलेले. त्यांच्या शेजारी विद्यमान सरपंच, विरोधी पॅनेलचे. त्यांचे हातही जोडलेले आणि चेहरा बरोबर आप्पांच्याच मापाचा, कारण छापण्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी माप पाहिलं होतं. त्याखाली गॉगल घातलेले तरुण कार्यकर्ते. अगदी तळाच्या पट्टीत वस्तीतल्या बायका, त्यात सुमनताई, आधारकार्डावरच्या फोटोसह. फ्लेक्स लावायचा तो रस्त्यावरून दिसला पाहिजे. रस्ता पश्चिमेला होता. सतीशने लोखंडी फ्रेम केली, चारही बाजूंनी ताणून घेतली, आणि शटरांच्या त्या रांगेवर फ्लेक्स चढला.

त्या दिवशी केतकीने तो चालवून घेतला. कार्यक्रम संपला की उतरवतील, असं तिला वाटलं. पुण्यात महापालिकेची गाडी येते आणि फ्लेक्स काढून नेते. वस्तीवर तशी गाडी येत नाही. इथं फ्लेक्स लावायची पद्धत आहे, काढायची नाही. तो आपोआप जातो. उन्हाने चेहरे निळसर होतात, वाऱ्याने एखादा कोपरा सुटून फडफडू लागतो, किंवा त्याच्यावर पुढचा फ्लेक्स येतो. कुणी हाताने काढला तर त्याचा अर्थ निघतो, आणि तो अर्थ निवडणुकीपर्यंत टिकतो. सतीशने फ्रेम चांगली केली होती. आपोआप जाण्याची शक्यता तिथंच मिटली.

एप्रिल-मे कोरडा गेला, काही जाणवलं नाही. जूनमध्ये ढग आले आणि हवा जड झाली. कांद्याचा वास बदलतो तो अशा हवेत. चांगल्या बराखीशेजारून गेलं तर वाळल्या टरफलांचा, किंचित धुळीचा वास येतो. बिघडू लागलेल्या बराखीचा वास गोड असतो. सुमनताई रोज सकाळी पूर्वेच्या नळ्यांमधून हात आत घालत. पंखा फिरत होता, पण एका बाजूने कोंडलेल्या घरात पंखा फिरतो तसा. दारातून आत जाऊन हात लावला तर पश्चिमेकडच्या रांगेतला कांदा गरम लागू लागला.

त्यांनी आधी सतीशला सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, लावलेल्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. काढला तर त्याच तोंडांनी शिव्या खायच्या.” मग त्या आप्पांकडे गेल्या. तिथं बसून त्यांनी वैरणीची चौकशी केली, पावसाचं विचारलं, चहा घेतला आणि परत आल्या. पुढच्या वर्षी वावर वाट्याने द्यायचं की नाही, ते आप्पांच्या हातात होतं. आणि आप्पांचा चेहरा फ्लेक्सवर.

शेवटी सतीशने केतकीला फोन केला. ती काही दिवसांसाठी पुण्याला गेली होती. ती आली त्या दिवशी दुसऱ्या एका बातमीसाठी त्या रस्त्याने जाणं होतं, म्हणून पुढचं पाहायला मिळालं.

बराखीपाशी चौघं उभी होती. केतकी, सतीश, सुमनताई, आणि बोलावून आणलेले आप्पा. आभाळ भरलेलं, आणि वारा होता. फ्लेक्स आत ओढल्यासारखा होई आणि पुन्हा फुगे.

“आप्पा, फ्लेक्स काढायला हवा,” केतकी म्हणाली. “वारा अडलाय.”

“माझी कुठं ना हाय? पर मी काडला तर सरपंच म्हननार, ह्यांना माझा फोटू खुपला. सरपंचानं काडला तर माझी पोरं त्याच्या दारात जात्याल.”

“मग दोघांनी मिळून काढा.”

“बाई, आमी दोघं मिळून हुबं ऱ्हायलो ते ह्याच फ्लेक्सवर. ह्याच्या आधी न्हाई आन् ह्याच्या मागनं बी न्हाई.”

सतीश हसला. “मावशी, तुझा बी फोटो हाय की खाली. तू तुझ्यापुरता काढ.”

“माझा कापून ने. आधारकार्डावरचा हाय त्यो, माझ्या पोरींनी बी वळखला न्हाई.” मग सुमनताईंचा आवाज उतरला. “पर वर महामानव हाईत. त्यास्नी मी हातानं खाली वढू व्हय? आमच्याच आळीत तोंड दावता यायचं न्हाई.”

रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत सुमनताईंनी पूर्वेच्या नळ्यांमधून आत हात घालून पाहिला.

“आप्पा,” सुमनताई म्हणाल्या, “कांदा तापलाय. तुमी हात घालून बघा.”

आप्पांनी पूर्वेकडे जाऊन दोन नळ्या बाजूला सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. उभ्या आयुष्यात त्यांनी बराखीत किती वेळा असा हात घातला असेल. हात त्यांनी लगेच बाहेर काढला नाही. काढल्यावर बोटांचा वास घेतला आणि धोतराला पुसली.

“खाली काडायचा न्हाई ना?” ते म्हणाले. “मग वर चडवा. छपरावर. लांबून बी दिसंल.”

“छपरावर?” केतकी म्हणाली. “पाचटावर? नवीन प्लास्टिक आणायचं नाही असं ठरलंय आपलं, आप्पा.”

“नवीन कुठलं? दोन म्हयनं झालं लावून. आन् भिंतीवर व्हतं तवर तुला चाललं, वर गेल्यावर चालंना व्हय?”

केतकीने छपराकडे पाहिलं. दोन-तीन सरी होऊन गेल्या होत्या आणि पाचट एका बाजूला काळं पडून खाली दबलं होतं. त्यालाही आंबूस वास सुटला होता. हे तिलाही दिसत होतं, आणि आल्यापासून ती तिकडे बघायचं टाळत होती. तिला त्या बराखीचे फोटो घेऊन पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता. त्या अर्जात सोनेरी छप्पर होतं. त्यावर हात जोडलेले दोन पुढारी नव्हते. सुमनताई तिच्याकडे बघत होत्या.

“सतीशदादा,” थोड्या वेळाने केतकी म्हणाली, “छपराच्या वर हातभर उंच बसेल का? खालून हवा खेळली पाहिजे.”

“फ्रेम तयारच हाय. पॅनलचा कोपरा सोडून चार पाय लावतो.”

पुढचा भाग वस्तीच्या रीतीप्रमाणे झाला. आप्पांनी सरपंचांना फोन लावला आणि म्हणाले, “तुमाला आन् मला वर न्यायलोय. नारळ घेऊन या.” सरपंच आले, त्यांची माणसं आली, आप्पांची आली. नारळ फुटला. फ्लेक्स क्षणभरही जमिनीला टेकवायचा नाही, असं कुणीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं. फ्रेम भिंतीवरून सुटली तशी ती हातांवर घेतली गेली, खांद्यांवर गेली, दोरांनी ओढून वर गेली. वरच्या रांगेचा कोपरा सुमनताईंच्या आणि आळीतल्या बायकांच्या हातात होता. कुणी घोषणा दिली, तिला दोन्ही गटांनी उत्तर दिलं. हे सगळं इतक्या गांभीर्याने चाललं होतं की रस्त्यावरच्या एका एसटीचा वेग कमी झाला आणि प्रवाशांनी खिडक्यांतून हात जोडले. त्यांना ही मिरवणूक कशाची वाटली, ते सांगता येत नाही.

भिंत मोकळी झाल्यावर सतीशने एका टोकापासून शटरं उघडत नेली. एकेक शटर खडखडत वर गेलं. मग आतून आवाज येऊ लागला. टरफलं हलत होती.

पश्चिमेची रांग मात्र गेली. सुमनताईंनी दुसऱ्या दिवशी ती उपसली. पाणी सुटलेला, काजळी धरलेला कांदा पाट्या भरभरून खड्ड्यात टाकला. मुली शाळेतून आल्यावर मदतीला लागल्या, नाकाला ओढणी बांधून. किती गेला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. केतकी खड्ड्याच्या कडेला पाट्या रिकाम्या करत होती. तिच्या कपड्यांना तो वास बरेच दिवस होता, असं ती नंतर म्हणाली.

आडवा पडलेला फ्लेक्स रस्त्यावरून दिसत नाही, हे आप्पांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. ते रस्त्याच्या पलीकडे गेले, बांधावर चढले, मान उंच करून पाहिलं. “कावळ्यास्नी दिसतंय,” सतीश म्हणाला. आप्पांनी त्याला एक शिवी दिली. पण फ्लेक्स तिथंच राहिला. पुढे एका लग्नात ड्रोन उडाला आणि व्हिडिओत वरातीच्या वर, झाडांमधून, हात जोडलेले आप्पा आणि सरपंच आभाळाकडे बघताना दिसले. तो तुकडा वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर आहे.

गेल्या महिन्यात पुण्यात सोलरपंकवरचं एक छोटं प्रदर्शन होतं. आता या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. तरुण मुलं तो सहज वापरतात. भिंतींवर चित्रं होती. हिरवे मनोरे आता कमी झाले आहेत. दुरुस्तीची दुकानं, सायकली, सावलीचे बाजार, भांडी घासणारी माणसं अशी चित्रं जास्त होती. कुणीतरी काम करताना दिसत होतं. केतकीने पाठवलेला बराखीचा फोटो एका कोपऱ्यात होता, वरून घेतलेला. सोनेरी रंगाचा मागमूस नव्हता. ऊन-पावसाने फिकटलेले चेहरे, त्यांच्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. खाली माहितीची एकच ओळ होती: ‘छप्पर: पत्रा, पाचट, फ्लेक्स.’ दोन विद्यार्थिनी बराच वेळ त्यासमोर उभ्या होत्या. हे चेहरे मुद्दाम निवडले आहेत का, यावर त्यांची चर्चा चालली होती. एक म्हणत होती की हे राजकारणावरचं भाष्य आहे.

वस्तीतून त्या बराखीचं नेमकं काय पुढे गेलं, हे पाहिलं तर यादी मोठी होत नाही. पंखा कुणी लावला नाही. नळ्यांची भिंत एकाने केली. जुने फ्लेक्स मात्र आता बऱ्याच बराखींच्या छपरावर हातभर उंचीवर ताणलेले दिसतात. वाढदिवस, निवडी, अभिनंदनं, सगळी आभाळाकडे तोंड करून. चळवळीच्या चित्रांत हे बसत नाही. ही चित्रं काढणाऱ्यांना ते कळवलं तर ते बसवतील, असं मात्र वाटतं. भविष्याबद्दल आशा बाळगणाऱ्यांचा हा एक गुण आहे. त्यांचा आराखडा कायम थोडा अपुरा असतो.

त्या हंगामातलं शेवटचं जे आठवतं ते आश्विनातलं. ऊन पुन्हा कडक झालं होतं, वावरांतून बाजरीच्या पेंढ्या उभ्या होत्या. वस्तीवर त्या सकाळी टेम्पो आला होता. आप्पांच्या घरामागची बराख रिकामी करून, तो माल पोचवून, उतरत्या दुपारी तो दुसऱ्या खेपेला रस्त्यावरच्या बराखीपाशी थांबला. व्यापारी खाली उतरला. त्याने शटरांमधून एक कांदा काढला, दाबला, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला. कांदा चांगला होता. सुमनताई आत होत्या, त्या दारात आल्या.

“ताई, सगळा उचलतो,” व्यापारी म्हणाला. “मान्सं हायेत बरूबर, आत्ता भरतो.”

आप्पा टेम्पोबरोबरच आले होते. “देऊन टाक, सुमन. माझा गेला सकाळी.”

सुमनताईंनी शेजारचं शटर थोडं खाली ओढलं, कारण ऊन थेट आत येत होतं. मग त्या परत दारात आल्या.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “आज न्हाई द्यायचा.”

“मग कवा?”

“सांगंन.”

“उद्या भाव पडला तर?”

“पडंल न्हायतर चडंल. मी सांगंन तवा या.”

व्यापारी आप्पांकडे बघू लागला. या वस्तीत आजवर वाट्याच्या कांद्याचं शेवटचं बोलणं वावराच्या मालकाशीच होत आलं होतं. आप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली.

“माझ्याकडं काय बघतो?” ते म्हणाले. “कांदा तिचा हाय.”

रस्ता अरुंद होता. रिकामा टेम्पो वळवायला ड्रायव्हरला बराच वेळ लागला. मागे, पुढे, पुन्हा मागे. सुमनताई दारातच उभ्या होत्या. चाक रस्त्याकडेच्या चारीत जायला लागलं तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, आणि मग हळूहळू, हातानेच दाखवत, रस्त्याला लावून दिलं.